टाके पिकू नयेत म्हणून

"ऑपरेशन छान झालं, पण टाके पिकले." अपेंडिक्स, हर्निया नाहीतर सिझेरियनच्या निमित्ताने हे वाक्य महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत कधी ना कधी उच्चारलं गेलं आहे. बोलणाऱ्याच्या लेखी या दोन वेगळ्या गोष्टी असतात. ऑपरेशन सर्जनचं, टाके पिकणं नशिबाचं. मग कुणी भाताला दोष देतं, कुणी आंबटाला, कुणी पेशंटच्या 'उष्ण' प्रकृतीला. पू दिसतो तो चौथ्या-पाचव्या दिवशी किंवा आठवड्याने, त्यामुळे संशय घरातल्या ताटावर जातो. त्याची पेरणी मात्र बहुतेक वेळा टेबलावरच झालेली असते, पहिला काप घेतल्यापासून शेवटचा टाका बसेपर्यंतच्या तासा-दोन तासांत.

हे पू करणारे जंतू येतात कुठून? बरेचसे पेशंटच्या स्वतःच्या कातडीवरून, नाकातून किंवा आतड्यातून. काही ऑपरेशन करणाऱ्यांच्या हातांवरून, केसांतून, श्वासातून. उरलेले हत्यारांवरून, कापडावरून, पाण्यातून आणि हवेतून. यातली हत्यारं आणि कापड पूर्ण निर्जंतुक करता येतात, म्हणजे त्यांच्यावर एकही जिवंत जंतू किंवा त्याचा बीजाणूही उरत नाही. कातडी तशी करता येत नाही. बेटाडिन किंवा क्लोरहेक्सिडिन लावून वरवरचे जंतू मरतात. केसांच्या मुळाशी दडलेले राहतात आणि थोड्या वेळाने पुन्हा वर येतात. हात कितीही घासले तरी हातांचंही तेच. म्हणून ग्लोव्ह्ज घालण्यापूर्वीही हात धुवायचे, कारण ग्लोव्हला सुईचं भोक पडतं आणि ते पडल्याचं घालणाऱ्याला पुष्कळदा कळतही नाही.

ऑपरेशन थिएटरमधली सगळी शिस्त या दोन प्रकारच्या पृष्ठभागांची गाठ पडू न देण्यासाठी असते. मराठी माणसाला ती समजवायला फार कष्ट पडू नयेत, कारण सोवळं त्याने पाहिलेलं आहे. सोवळ्यातल्या माणसाला ओवळ्याचा हात लागला की सोवळं मोडतं, डाग दिसो वा न दिसो. थिएटरमध्येही तसंच. स्क्रब केलेल्याने हात कमरेच्या वर आणि छातीच्या पुढे धरायचे; गाऊनची पाठ कायम ओवळी; टेबलाच्या कडेखाली लोंबणारं कापडही ओवळं. पण साम्य इथेच संपतं, आणि फरक जास्त महत्त्वाचा आहे. घरातलं सोवळं माणसाच्या जन्मावर आणि मानावर चालत आलं. थिएटरमधल्या सोवळ्याला मान ठाऊक नाही. प्रोफेसरांचं कोपर दिव्याच्या दांड्याला घासलं तर प्रोफेसर ओवळे, आणि ते त्यांना सांगण्याचं काम स्क्रब सिस्टरचं. "सर, हात लागला" हे तीन शब्द ती उच्चारू शकते की नाही, यावर पेशंटचे टाके जितके अवलंबून असतात तितके महागड्या यंत्रांवर क्वचितच असतील. शस्त्रक्रियेतल्या जंतुसंसर्गाचा इतिहास या दृष्टीने वाचला, तर तो जंतूंइतकाच अधिकाराचाही इतिहास दिसू लागतो.

व्हिएन्नाच्या जनरल हॉस्पिटलात १८४० च्या दशकात बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि विद्यार्थी, दुसऱ्यात सुइणी. १८४६ साली पहिल्या विभागात शंभरातल्या ११ हून अधिक बाळंतिणी गेल्या, दुसऱ्यात तीनही नाहीत. शहरातल्या बायकांना हे ठाऊक होतं. पहिल्या विभागात घालू नका म्हणून त्या हातापाया पडत. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण हंगेरियन सहायकाला कारण सापडलं ते एका मित्राच्या मृत्यूतून. याकोब कोलेच्का हे प्राध्यापक शवविच्छेदन करताना विद्यार्थ्याची सुरी लागून मार्च १८४७ मध्ये वारले, आणि त्यांच्या शरीरात दिसलेले बदल बाळंतरोगाने मेलेल्या स्त्रियांसारखेच होते. विद्यार्थी शवागारातून थेट प्रसूतीच्या खोलीत येत, सुइणी येत नसत. मे महिन्यापासून सेमेलवाइसने क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुणं सक्तीचं केलं. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर असलेला मृत्युदर जुलैत एका टक्क्याच्या आसपास आला.

एवढा पुरावा हाती असताना लोकांनी ऐकायला हवं होतं, असं आज वाटतं. पण त्या आकड्यांचा अर्थ असा होता की बाळंतिणींना मारणारे हात डॉक्टरांचेच आहेत, आणि हे सांगणारा माणूस हुद्द्याने लहान होता. शिवाय स्वभावाने तिखट. विरोधकांना पुढे तो उघडपणे खुनी म्हणू लागला. १८४९ मध्ये त्याची नेमणूक पुढे चालू ठेवली गेली नाही. १३ ऑगस्ट १८६५ रोजी व्हिएन्नाजवळच्या वेड्यांच्या इस्पितळात तो वारला.

त्याच्या आदल्याच दिवशी ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत जोसेफ लिस्टर यांच्यासमोर अकरा वर्षांचा जेम्स ग्रीनलीज आणला गेला होता. गाडीचं चाक पायावरून गेलेलं, हाड मोडून कातडी फाटलेली. अशा पायाला तेव्हा दोनच वाटा होत्या, पाय कापणं किंवा सडू देणं. सडण्यामागे जंतू असतात हे सांगणारं पाश्चरचं लेखन लिस्टरनी वाचलं होतं. कार्लाइल गावात सांडपाण्यावर कार्बोलिक आम्ल टाकल्यावर दुर्गंध थांबला आणि त्या पाण्यावरच्या कुरणात चरणाऱ्या गुरांना होणारा कृमींचा उपद्रवही घटला, ही हकीकतही त्यांच्या कानावर आली होती. त्यांनी जखमेवर कार्बोलिकमध्ये भिजवलेलं कापड बांधलं. चार दिवसांनी उघडलं तर पू नव्हता. सहा आठवड्यांनी पोरगा दोन्ही पायांवर घरी गेला. १८६७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिस्टरचे लेख आले. त्यांच्या वॉर्डात या पद्धतीआधी अवयव कापलेल्या ३५ रुग्णांपैकी १६ दगावले होते. नंतरच्या ४० पैकी सहा.

लिस्टरचं सगळंच पुढे टिकलं असं नाही. हवेतले जंतू मारण्यासाठी त्यांनी कार्बोलिकचा फवारा काढला. त्याने थिएटर धुक्यासारखं भरून जाई, सर्जनचे हात पांढरे पडून सोलत, खोकला येई. हवेपेक्षा हात आणि हत्यारं जास्त घातक, हे पटल्यावर १८९० मध्ये त्यांनी स्वतःच फवाऱ्याला जाहीर रजा दिली. आपल्याच शोधाबद्दल असं भर परिषदेत सांगणारे लोक वैद्यकाच्या इतिहासात थोडे आहेत.

अमेरिकेत मात्र त्यांचं म्हणणं पोचायला उशीर झाला. १८७६ मध्ये लिस्टर स्वतः फिलाडेल्फियात बोलून आले होते. तरी जुलै १८८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली, तेव्हा ती शोधण्यासाठी एकामागून एक डॉक्टरांनी न धुतलेली बोटं आणि सळया जखमेत घातल्या. गोळीने जी इजा केली त्यातून ते कदाचित वाचले असते, असं आज अनेक अभ्यासक मानतात. ते अडीच महिने पू आणि तापाशी झगडून १९ सप्टेंबरला गेले.

पुढचं पाऊल जर्मनांनी टाकलं आणि ते जास्त शहाणपणाचं होतं. जखमेत शिरलेले जंतू आम्लाने मारत बसण्यापेक्षा ते जखमेपर्यंत येऊच द्यायचे नाहीत. रॉबर्ट कॉख यांनी कोरड्या उष्णतेपेक्षा वाफ कितीतरी परिणामकारक असल्याचं दाखवलं. बर्लिनमध्ये एर्न्स्ट फॉन बेर्गमान आणि त्यांचे सहायक कर्ट शिमेलबुश यांनी कापड, बँडेज, हत्यारं वाफेवर निर्जंतुक करण्याची घडी बसवली. शिमेलबुशचा गोल, झडपांचा डबा महाराष्ट्रातल्या ग्रामीण रुग्णालयांतून अनेकांनी पाहिलेला असेल. तिथे त्याला नुसतं 'ड्रम' म्हणतात आणि तो भरणारी मावशी किंवा मामा यांना शिमेलबुश हे नाव ठाऊक असण्याचं कारण नाही.

ग्लोव्ह्जची कथा तर संसर्ग टाळण्यासाठी सुरूच झाली नाही. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉलस्टेड यांच्या थिएटरमधल्या नर्स कॅरोलिन हॅम्पटन यांच्या हातांवर पारायुक्त जंतुनाशकाने पुरळ उठू लागलं. हॉलस्टेडनी गुडइयर रबर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ रबरी हातमोजे करवून घेतले. १८९० मध्ये दोघांनी लग्न केलं. म्हणजे हे मोजे आधी नर्सच्या कातडीसाठी आले. ते पेशंटच्या जखमेसाठीही गरजेचे आहेत, हे हॉलस्टेडचे सहकारी जोसेफ ब्लडगुड यांनी हर्नियाच्या ऑपरेशनांचे आकडे मांडून दाखवलं, त्यालाही काही वर्षं गेली. स्वतः हॉलस्टेडना, एवढे हुशार असून, ते आधी कसं सुचलं नाही याचं नंतर आश्चर्य वाटत राहिलं.

या सगळ्या युरोपीय-अमेरिकी घडामोडींत मुंबईचा एक धागा आहे, आणि तो ऑपरेशनचा नसून लशीच्या बाटलीचा आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी इथेच त्यावर लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. पुढे परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमधून लशीच्या बाटल्या देशभर जाऊ लागल्या. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस टोचली गेली. त्यातले १९ जण धनुर्वाताने दगावले. सगळ्या एकोणीस जणांची लस एकाच, ५३ एन क्रमांकाच्या बाटलीतली होती.

चौकशी आयोगाने दोष परळच्या प्रयोगशाळेला दिला. हाफकिन यांनी लशीत कार्बोलिक घालणं बंद करून उष्णतेवर भर दिला होता, ते अंगाशी आलं असा निष्कर्ष निघाला. खुद्द गावात काय घडलं याची साक्ष मात्र बाजूला पडली. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीत तापवण्याऐवजी कार्बोलिकच्या पाण्यात नुसता बुचकळला आणि त्यानेच बूच काढलं गेलं. धनुर्वाताचे बीजाणू मातीत असतात आणि अशा बुचकळण्याने मरत नाहीत. शिवाय धनुर्वाताचे जंतू बाटलीत कित्येक आठवडे वाढले असते तर उघडताना वास मारला असता, तो आला नव्हता. हे मुद्दे घेऊन रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञ लढले. १९०७ मध्ये त्यांचं पत्र 'टाइम्स'मध्ये छापून आलं आणि हाफकिन निर्दोष ठरले. नोकरी परत मिळाली, पण मुंबईची प्रयोगशाळा नाही. १९२५ मध्ये त्याच संस्थेला त्यांचं नाव दिलं गेलं.

मुल्कोवालची घटना या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगायला हवी, कारण तिच्यात सगळं आहे. चिमटा पडला, हा गुन्हा नव्हे, चिमटे पडतातच. पडल्यावर काय करायचं हे त्या मदतनिसाला कुणी किती नीट शिकवलं होतं? रांगेत शंभर माणसं उभी असताना 'थांबा, हा पुन्हा तापवतो' म्हणण्याची मुभा त्याला होती का? आयोगाने हे विचारलंच नाही. त्याने सर्वांत वरचं नाव शोधलं, आणि चूक घडली होती सर्वांत खाली.

आजही ती तिथेच घडते. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांची वाफ पंधरा ते वीस मिनिटं हत्याराला प्रत्यक्ष भिडली, तर बीजाणूसुद्धा मरतात. 'भिडली तर' हे महत्त्वाचं. ड्रम ठासून भरला, झडपा उघडायच्या राहिल्या, गठ्ठ्यात हवा अडकली, तर घड्याळात वीस मिनिटं होतात आणि मधलं कापड ओवळंच राहतं. गठ्ठ्यावर लावलेल्या पट्टीच्या रेघा काळ्या झाल्या म्हणजे आतलं सगळं निर्जंतुक झालं, असा समज सर्रास आहे. ती पट्टी सांगते एवढंच की हा गठ्ठा यंत्रात जाऊन आला आहे. खात्री हवी तर जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या चिवट जंतूचे बीजाणू आत ठेवून ते मेले का हे तपासावं लागतं. आणि याही आधी हत्यार धुवावं लागतं, कात्रीच्या सांध्यात, चिमट्याच्या दातांत ब्रश घालून. वाळलेल्या रक्ताच्या थराखाली जंतू वाफेपासून सुरक्षित बसतात.

दुर्बिणीच्या ऑपरेशनांनी भारतात एक नवी डोकेदुखी आणली. लॅप्रोस्कोपीची हत्यारं नाजूक आणि महाग, संच एक आणि पेशंट चार. मग दोन ऑपरेशनांच्या मध्ये ती ग्लुटाराल्डिहाइडमध्ये वीस मिनिटं बुडवून काढायची. वीस मिनिटांत बहुतेक जंतू मरतात. बीजाणू मारायला त्याच द्रावणात दहा तास लागतात. वर ती हत्यारं साध्या नळाच्या किंवा उकळून गार केलेल्या पाण्यात खंगाळली जातात. नळाच्या पाण्यात क्षयाच्या जंतूचे चुलतभाऊ शोभतील असे मायकोबॅक्टेरिया असतात. पित्ताशय काढलेला पेशंट हसत घरी जातो, महिन्याभराने छिद्राच्या जागी गाठ येते, ती फुटते, वाहू लागते, नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद देत नाही. पुढे कित्येक महिने औषधं. भारतीय शस्त्रक्रियेच्या नियतकालिकांत अशा रुग्णांची वर्णनं भरपूर सापडतात. दुसरा संच घेण्याचा खर्च त्यापुढे कमीच म्हणायचा, पण तो खर्च रुग्णालयाच्या वहीत दिसतो आणि हा पेशंटच्या.

जंतू दिसत नाहीत, म्हणून या क्षेत्रात कर्मकांड फार लवकर रुजतं. फॉर्मॅलिनची धुरी हे त्याचं ठळक उदाहरण. थिएटर रात्रभर बंद करून फॉर्मॅलिन जाळायचं, सकाळी डोळे चुरचुरले की सगळ्यांना समाधान. फॉर्माल्डिहाइड कर्करोगकारक असल्याचं जाहीर होऊन वीसहून अधिक वर्षं झाली. जमीन आणि टेबलं नीट पुसणं त्याहून उपयोगी. आदल्या रात्री वॉर्डातल्या मामाने वस्तऱ्याने पोट भादरणं हेही तसंच. वस्तऱ्याच्या बारीक ओरखड्यांत रात्रभर जंतू वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये सांगितलं की केस काढूच नका, अगदी गरज असेल तर क्लिपरने काढा. अँटिबायोटिकचा डोस कापाच्या आधीच्या दोन तासांत द्यायचा आणि ऑपरेशन संपल्यावर थांबवायचा, हेही तिथेच लिहिलं आहे. आपल्याकडे मात्र पाच-सात दिवसांचा कोर्स दिला नाही तर नातेवाईकांनाच चुकल्यासारखं वाटतं. श्रीमंत कर्मकांडंही आहेत. सांधे बदलण्याच्या थिएटरमध्ये छतातून सरळ वाहणारी गाळलेली हवा हवीच, असं १९६० च्या दशकातल्या जॉन चार्न्ली यांच्या कामापासून मानलं गेलं. २०१६ च्या त्याच मार्गदर्शक सूचनांनी संसर्ग कमी करण्यासाठी ती वापरू नये असं सुचवलं. हा वाद अजून मिटलेला नाही.

उलट बाजूने मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय पाहण्यासारखं आहे. तिथे एकाच थिएटरमध्ये शेजारी-शेजारी टेबलं असतात आणि सर्जन एकावरून दुसऱ्यावर वळतो. पाश्चात्त्य नियमपुस्तकाला हे पाहून घेरी येईल. तरी मोतीबिंदूनंतरच्या संसर्गाचं तिथलं प्रमाण श्रीमंत देशांच्या तोडीचं आहे, आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तिथल्या एका ऑपरेशनमागचं कार्बन उत्सर्जन ब्रिटनमधल्या तशाच ऑपरेशनच्या वीसाव्या हिश्शाइतकं. काय गाळलं तरी चालतं आणि काय गाळायचं नाही, हे त्यांनी मोजून ठरवलं.

पुन्हा "सर, हात लागला" या तीन शब्दांकडे यावं लागतं. जॉन्स हॉपकिन्सच्या पीटर प्रोनोव्होस्ट यांनी शिरेत नळी घालताना पाळायच्या पाच साध्या गोष्टी कागदावर लिहिल्या आणि एखादी सुटली तर नर्सने डॉक्टरला थांबवायचं, असं ठरवलं. मिशिगन राज्यातल्या शंभरावर अतिदक्षता विभागांत या पद्धतीने रक्तातला संसर्ग दोन-तृतीयांशांनी घटला. यादी डॉक्टरांना आधीपासून पाठ होती. नवीन होती ती नर्सची मुभा.

अतुल गावंडे, ज्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे, यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी ऑपरेशनची तपासयादी तयार केली तीही याच धर्तीवर. काप घेण्याआधी सगळ्यांनी आपापलं नाव आणि काम सांगायचं, हे त्या यादीत मुद्दाम घातलेलं आहे. नाव सांगितलेला माणूस पुढे बोलायला कमी कचरतो. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरल्यावर जखमेचा संसर्ग ६.२ टक्क्यांवरून ३.४ वर आला, मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ वर. हे २००९ चं. पाच वर्षांनी कॅनडातल्या ऑन्टेरिओ प्रांताचे आकडे आले. तिथे १०१ रुग्णालयांत यादी सक्तीची करूनही लक्षणीय फरक पडला नव्हता. दोन्ही निकाल खरे आहेत. वरून आलेल्या फॉर्मवर खुणा करणं आणि टेबलाशी थांबून एकमेकांना विचारणं यांत किती अंतर असतं, हे सरकारी कचेरीत एकदा जाऊन आलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही.

अलीकडचं एक काम तर फारच साधं आहे. पोटाचं ऑपरेशन संपत आलं की जखम शिवण्याआधी सगळ्यांनी ग्लोव्ह्ज बदलायचे आणि शिवण्यासाठी हत्यारांचा नवा संच उघडायचा. भारतासह सात देशांतल्या ८१ रुग्णालयांत, तेरा हजारांहून अधिक रुग्णांवर हे करून पाहिलं गेलं. २०२२ मध्ये आलेल्या निकालात संसर्ग १८.९ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर उतरलेला दिसला. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. मात्र यासाठी तो जादा संच सकाळी कुणीतरी धुतलेला, सुकवलेला, बांधलेला आणि ऑटोक्लेव्हमधून काढलेला असावा लागतो, आणि दुपारी दोनला, चौथ्या ऑपरेशनच्या शेवटी, कंटाळलेल्या सर्जनकडे तो कुणीतरी पुढे करावा लागतो.

म्हणून या पुस्तकातल्या पुढच्या प्रकरणांचा क्रम नेहमीपेक्षा उलटा ठेवला आहे. सर्जनचे हात, गाऊन आणि ग्लोव्ह्ज तिसऱ्या प्रकरणात येतात, अँटिबायोटिक पाचव्यात. पहिलं प्रकरण हत्यारं धुण्याच्या खोलीचं आहे; तिथल्या नळाचं पाणी, ब्रश, सांधे उघडून ठेवण्याची पद्धत आणि ड्रम किती भरायचा याचं. दुसरं प्रकरण तिथे काम करणाऱ्यांच्या प्रशिक्षणाचं.